चिलरचे प्रेशर सेन्सर : तपासणी, कॅलिब्रेशन आणि बदली

चिलरच्या (प्लांटसाठी पाणी थंड करणाऱ्या मशीनच्या) डिस्प्लेवर सक्शन प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचं प्रेशर, २.० बार दिसतं आणि शेजारी लावलेला गेज २.३ दाखवतो. अशा वेळी बहुतेक प्लांटमध्ये एकतर नवा सेन्सर मागवला जातो, नाहीतर कंट्रोलरमध्ये ०.३ चा ऑफसेट टाकून काम पुढे ढकललं जातं. दोघांपैकी चुकतंय कोण, हे मात्र कुणी तपासत नाही. गेज चुकत असेल तर नव्या सेन्सरचे पैसे वाया गेलेच, शिवाय ऑफसेट टाकल्यामुळे बरोबर चाललेला चिलर बिघडला.

पुढचे सगळे आकडे एका नेहमीच्या मशीनचे आहेत : आर-१३४ए गॅस, वॉटर-कूल्ड कंडेन्सर, डीएक्स इव्हॅपोरेटर (ज्यात गॅस ट्यूबच्या आत आणि पाणी बाहेर असतं) आणि इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असलेला स्क्रू चिलर. गॅस वेगळा असेल तर त्या गॅसचा पीटी चार्ट (प्रेशर आणि तापमानाचा तक्ता) घ्या. पद्धत तीच राहते. अमोनियाच्या सिस्टीमला मात्र यातलं बदलीचं काम लागू करू नका. तिथले सुरक्षेचे नियम वेगळे आहेत आणि ते काम ते नियम माहीत असलेल्या माणसांनीच करायचं असतं.

०.१ बारची किंमत दोन्हीकडे सारखी नसते

आर-१३४ए चं सॅच्युरेशन (त्या तापमानाला गॅस ज्या प्रेशरवर उकळतो ते) ३ अंशाला साधारण २.२५ बार गेज असतं आणि त्या पट्ट्यात एका अंशाला जवळपास ०.११ बारचा फरक पडतो. ४० अंशाला ते ९.१५ बार असतं आणि तिथे एका अंशाला ०.२७ बारच्या आसपास. म्हणजे सक्शन सेन्सर ०.१ बारने चुकला की सॅच्युरेटेड तापमान जवळजवळ एक अंशाने चुकतं; डिस्चार्ज सेन्सर तेवढाच चुकला तर फरक पडतो तो ०.४ अंशापेक्षा कमी.

यातून काय बिघडतं ते पाहू. खरं सक्शन प्रेशर २.२५ बार, पाइपचं तापमान ९ अंश, म्हणजे खरी सुपरहीट (गॅस सॅच्युरेशनच्या तापमानापेक्षा किती गरम आहे ते) ६ अंश. सेन्सर ०.३ बार कमी दाखवतोय. कंट्रोलरला १.९५ बार दिसतं, तो सॅच्युरेशन ०.३ अंश धरतो आणि सुपरहीट ८.७ अंश काढतो. सुपरहीट जास्त आहे असं समजून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघडतो. डिस्प्लेवर सुपरहीट ६ वर येते तेव्हा खरी सुपरहीट तीन-सव्वातीनवर आलेली असते, आणि लोड थोडा जरी हलला तरी लिक्विड कॉम्प्रेसरकडे जातं. सेन्सर उलट्या बाजूला, म्हणजे जास्त दाखवत असेल तर व्हॉल्व्ह आवळला जातो, इव्हॅपोरेटर उपाशी राहतो आणि थंड पाणी सेटपॉइंटपर्यंत येत नाही. लॉगबुकात मग ‘गॅस कमी’ अशी नोंद होते आणि गरज नसताना गॅस भरला जातो. गॅस भरण्याआधी सक्शन सेन्सर तपासा, असं आमचं ठाम मत आहे.

आपला सेन्सर कोणत्या प्रकारचा?

चिलरवर मुख्यतः दोन प्रकार भेटतात. पहिला रेशोमेट्रिक : तीन वायर, ५ व्होल्ट सप्लाय, ०.५ ते ४.५ व्होल्ट आउटपुट. दुसरा ४ ते २० मिलिअँप : दोन वायर, साधारणपणे २४ व्होल्ट डीसी लूप. नेमका कोणता, हे सेन्सरच्या अंगावर कोरलेल्या मॉडेल नंबरवरून डेटाशीट काढून पक्कं करा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

रेशोमेट्रिकमध्ये एक गोम आहे. त्याचं आउटपुट सप्लायच्या प्रमाणात असतं, त्यामुळे नुसता सिग्नल मोजून उपयोग नाही. आधी सप्लाय मोजा, मग सिग्नल. सिग्नलला सप्लायने भागा, त्यातून ०.१ वजा करा, ०.८ ने भागा आणि येणाऱ्या आकड्याला रेंजने गुणा. ० ते ३४.५ बारच्या सेन्सरवर सप्लाय ५.०० आणि सिग्नल १.५६ व्होल्ट असेल तर प्रेशर साधारण ९.१ बार येतं. सप्लाय ४.९० असेल तर त्याच ९.१ बारला सिग्नल १.५३ दिसेल. सप्लाय ५ धरून हिशोब केलात तर सेन्सर पाव बारने चुकतोय असं वाटेल, आणि तो अगदी बरोबर असेल.

मिलिअँपच्या सेन्सरचा हिशोब सरळ आहे. −१ ते १२ बारच्या सेन्सरचा पल्ला १३ बारचा, त्यावर १६ मिलिअँप पसरलेले. उघड्या हवेत, म्हणजे ० बारला तो ५.२३ मिलिअँप देतो, ४ नाही. इथे बरेच जण फसतात आणि चांगला सेन्सर ‘झिरो शिफ्ट’ म्हणून टाकून देतात. २.२५ बारला बरोबर ८.०० मिलिअँप यायला हवेत. आकडा ३.६ च्या खाली गेला तर वायर तुटली आहे किंवा सेन्सर मेला आहे असं धरा. २१ च्या वर गेला तर ओव्हररेंज किंवा शॉर्ट.

झिरो कुठला धरायचा?

पुण्याच्या आसपासच्या आणि घाटमाथ्यावरच्या प्लांटनी हा भाग नीट वाचावा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे आणि तिथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. तळोजा किंवा रोह्याला तो १.०१ बार असतो. साधा बोर्डन (काट्याचा) गेज आजूबाजूच्या हवेला शून्य धरतो. चिलरवरचे बरेच सेन्सर ‘सील्ड गेज’ प्रकारचे असतात, म्हणजे त्यांचं शून्य कारखान्यातच १.०१३ बारला सील केलेलं असतं. असा सेन्सर पुण्यात हवेत उघडा धरला की उणे ०.०६ बार दाखवतो. यात बिघाड काहीच नाही.

उलट, गेजशी जुळावं म्हणून तिथे ०.०६ चा ऑफसेट टाकलात तर चूक तुम्हीच आत घातलीत. कंट्रोलर सॅच्युरेशन काढताना १.०१३ धरूनच अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर (पूर्ण व्हॅक्यूमला शून्य धरलेलं) काढत असतो, त्यामुळे सील्ड गेजचं वाचनच बरोबर होतं. ऑफसेटनंतर सक्शनचं तापमान अर्ध्या अंशाने सरकतं. अ‍ॅब्सोल्यूट सेन्सर असेल तर त्याने पुण्यात उघड्या हवेत ०.९५ दाखवायला हवं. प्रकार डेटाशीटमध्ये दिलेला असतो. तो माहीत झाल्याशिवाय झिरोला हात लावू नका.

खरंच सेन्सर खराब आहे का?

सगळ्या सेन्सरचे अलार्म एकदमच आले असतील तर सगळे सेन्सर एकाच दिवशी बिघडलेले नसतात. ५ व्होल्टचा सप्लाय सर्वांना मिळून एकच असतो आणि एखादा सेन्सर किंवा चेपलेली केबल शॉर्ट झाली की तो सप्लाय खाली बसतो. कंट्रोल सप्लाय चालू ठेवून एकेक सेन्सरचा प्लग काढत जा. ज्याचा प्लग काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, दोष त्या शाखेत आहे.

एकाच सेन्सरबद्दल शंका असेल तर दोष कुठे आहे हे तीन तुकड्यांत शोधा : कार्ड (कंट्रोलरचं, जिथे सिग्नल येतो ते), केबल, सेन्सर. लूप कॅलिब्रेटर असेल तर सेन्सरचा प्लग काढून तिथून ८.०० मिलिअँप द्या. −१ ते १२ बारच्या रेंजला डिस्प्लेवर २.२५ बार आलं तर केबल, कार्ड आणि रेंज पॅरामीटर तिन्ही ठीक. नाही आलं तर आधी पॅरामीटर पाहा. कार्ड बदलल्यावर किंवा प्रोग्राम पुन्हा भरल्यावर रेंज फॅक्टरी डिफॉल्टला गेलेली असते, आणि सगळा गोंधळ तेवढ्यानेच झालेला असतो. कॅलिब्रेटर नसेल आणि चिलरला दोन सर्किट असतील तर दोन्ही सक्शन सेन्सरची रेंज एक आहे हे पाहून कार्डावरच्या त्यांच्या वायर आपसात बदला. चुकीचं वाचन दुसऱ्या इनपुटवर गेलं तर दोष केबल किंवा सेन्सरमध्ये. जिथल्या तिथे राहिलं तर कार्ड किंवा पॅरामीटरमध्ये.

तिसरी तपासणी गॅसच करून देतो, आणि ती फुकट असते. कॉम्प्रेसर बंद, चिल्ड वॉटर पंप चालू. इव्हॅपोरेटरच्या इनलेट आणि आउटलेट पाण्याचं तापमान एक होईपर्यंत थांबा, त्यानंतरही अर्धा तास जाऊ द्या. आता आतल्या गॅसचं तापमान पाण्याइतकंच आहे. पाणी १२ अंशाला असेल तर आर-१३४ए चं प्रेशर ३.४ बारच्या जवळ हवं. डिस्चार्ज सेन्सरसाठी कंडेन्सर पंप चालवून हेच करा. पाणी ३० अंशाला असेल तर ६.७ बार. मात्र एक्स्पान्शन व्हॉल्व्ह घट्ट बसत नसेल तर गॅस थंड बाजूकडे सरकतो आणि कंडेन्सरचं वाचन कमी दिसतं, म्हणून तेव्हा चिल्ड वॉटर पंप बंद ठेवा. कंडेन्सरमध्ये प्रेशर चार्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी सिस्टीममध्ये हवा शिरली आहे का हे पाहा. त्याच ठिकाणी लावलेला रेफरन्स गेजही तेवढंच जास्त दाखवत असेल तर सेन्सर निर्दोष आहे. आर-४०७सी सारख्या मिश्र गॅसला बबल (उकळायला सुरुवात) आणि ड्यू (द्रव व्हायला सुरुवात) असे दोन वेगळे आकडे असतात, तिथे या पद्धतीने बारीक निष्कर्ष काढू नका.

लागणारं सामान

रेफरन्स गेज सगळ्यात महत्त्वाचा. पॅनलवरचा १.६ क्लासचा ० ते २५ बारचा गेज ±०.४ बारपर्यंत चुकला तरी तो ‘बरोबर’च मानला जातो, आणि सक्शनवर ०.४ बार म्हणजे साडेतीन अंश. अशा गेजने सेन्सर तपासण्यात अर्थ नाही. साध्या मॅनिफोल्डचीही तीच गत. डिजिटल रेफरन्स गेज घ्या, त्याची चूक तपासायच्या सेन्सरच्या चूक-मर्यादेच्या चौथ्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असावी, आणि त्याचं एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं चालू प्रमाणपत्र असावं. सक्शनसाठी १५ ते २० बारचा आणि डिस्चार्जसाठी ४० बारचा, असे दोन असले तर उत्तम.

बाकी : मल्टिमीटर (त्याचा मिलिअँपचा फ्यूज शाबूत आहे ना ते आधी पाहा, तो उडालेला असला की लूप तुटते आणि दोष सेन्सरच्या नावावर जातो), लूप कॅलिब्रेटर, २४ व्होल्ट डीसी सप्लाय, ड्राय नायट्रोजनचं सिलिंडर आणि दोन-स्टेजचा रेग्युलेटर, टी आणि नीडल व्हॉल्व्ह, दोन पाने, टॉर्क रेंच, नवी सीलिंग रिंग किंवा कॉपर वॉशर, सिस्टीममध्ये आहे त्याच प्रकारचं कॉम्प्रेसर ऑइल, लीक डिटेक्टर, साबणाचं पाणी, गॉगल आणि हातमोजे.

नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नका. ऑइलशी गाठ पडली की स्फोट होतो. कॉम्प्रेस्ड एअरही नको, त्यात ओल असते. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये साधारण १५० बार असतात, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय तो कशालाही जोडायचा नाही.

कॅलिब्रेशन

चिलरच्या बहुतेक सेन्सरवर झिरो-स्पॅनचा (शून्य आणि पूर्ण रेंज जुळवायचा) स्क्रू नसतो. त्यामुळे इथे कॅलिब्रेशन म्हणजे सेन्सर किती आणि कशा पद्धतीने चुकतो हे मोजणं, आणि चूक सुधारण्याजोगी असेल तर कंट्रोलरमध्ये ऑफसेट टाकणं. शटडाउनमध्ये सेन्सर काढणं शक्य असेल तर टेबलावर असं करा :

१. नायट्रोजन रेग्युलेटरपुढे टी लावा. एका तोंडाला रेफरन्स गेज, दुसऱ्याला सेन्सर, आणि मध्ये गॅस सोडायला नीडल व्हॉल्व्ह. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. टेबलावर गळती असेल तर पुढचे सगळे आकडे हलते राहतील.

२. सेन्सरला सप्लाय द्या आणि पाच-दहा मिनिटं थांबा. थंड पाइपवरून काढलेला सेन्सर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

३. सेन्सरच्या कमाल प्रेशरपर्यंत एकदा वर नेऊन खाली आणा. हे वाचन लिहायचं नाही, डायफ्रॅम मोकळा करण्यासाठी असतं.

४. आता पाच बिंदू घ्या. −१ ते १२ बारच्या सेन्सरसाठी ०, ३, ६, ९, १२ बार. अपेक्षित मिलिअँप अनुक्रमे ५.२३, ८.९२, १२.६२, १६.३१, २०.००. वर जाताना प्रत्येक बिंदूकडे खालूनच या. पुढे गेलात तर मागे येऊन पुन्हा चढा. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा, कारण दाबलेला गॅस गरम होतो आणि निवताना प्रेशर थोडं उतरतं.

५. तेच पाच बिंदू उतरताना घ्या, या वेळी प्रत्येक बिंदूकडे वरून या. दोन्ही रकाने शेजारी शेजारी लिहा. सील्ड गेज सेन्सर असेल तर रेफरन्स गेजच्या आकड्यात स्थानिक हवेच्या दाबाचा फरक धरायला विसरू नका.

सेन्सर काढणं शक्य नसेल तर जागेवरच तुलना करा. शेजारच्या सर्व्हिस पोर्टला रेफरन्स गेज लावा आणि चिलर स्थिर लोडवर वीस मिनिटं चालू द्या. पोर्ट सेन्सरच्याच पाइपवर, शक्यतो त्याच्या हातभर अंतरात हवा; मध्ये सक्शन फिल्टर किंवा व्हॉल्व्ह आला तर तिथला प्रेशर ड्रॉप तुम्ही सेन्सरची चूक म्हणून मोजाल. मशीन चालू असताना एक बिंदू, बंद असताना पाण्याच्या तापमानाला दुसरा. पाच बिंदूंइतकं हे पक्कं नसतं, पण दोन्ही ठिकाणी फरक सारखा आला तर ऑफसेट टाकायला पुरेसं आहे.

आता आकडे वाचायचे. सगळीकडे चूक सारखी असेल तर झिरो सरकला आहे, ऑफसेटने भागतं. प्रेशर वाढेल तशी चूक वाढत असेल तर आधी कंट्रोलरमधली रेंज तपासा, ती बरोबर असेल तर सेन्सर बदला, कारण ऑफसेट एकाच ठिकाणी बरोबर बसेल आणि बाकी सगळीकडे चुकेल. चढताना आणि उतरताना आकडे वेगळे येत असतील तर डायफ्रॅम थकला आहे, बदला. स्थिर प्रेशरला आकडा नाचत असेल तर आधी कनेक्टर साफ करून पुन्हा बघा.

मर्यादा कुठली धरायची? मेकरच्या मॅन्युअलमध्ये दिली असेल तर तीच. नसेल तर आर-१३४ए च्या सक्शनवर ०.०५ बारपर्यंत काही करू नका, ०.०५ ते ०.२ ला ऑफसेट, त्यापुढे नवा सेन्सर. डिस्चार्जवर ०.३ बारपर्यंत ऑफसेट चालतो. झिरो एवढा सरकलेला सेन्सर तिथे थांबत नाही, म्हणून मोठा ऑफसेट टाकून चालवण्याच्या आम्ही विरोधात आहोत.

ऑफसेट काढायचा तो चिलर जिथे चालतो त्या प्रेशरला, म्हणजे सक्शनसाठी २ ते ३ बारला. काही कंट्रोलर टाकलेला आकडा मिळवतात, काही वजा करतात. टाकल्याबरोबर डिस्प्ले रेफरन्सकडे सरकला का ते पाहा. दूर गेला असेल तर चिन्ह उलटं आहे आणि चूक दुप्पट झाली आहे.

बदलण्याआधी : पोर्ट कसा आहे?

सेन्सर ज्या पोर्टवर बसलाय त्यावर सगळी कामाची पद्धत ठरते. पाव इंची फ्लेअर पोर्टमध्ये श्रेडर कोअर (टायरच्या व्हॉल्व्हसारखा, पिनने दाबला की उघडणारा) असेल तर गॅस न काढता सेन्सर बदलता येतो. सेन्सरखाली आयसोलेशन व्हॉल्व्ह असेल तर ती बंद करून बदलता येतो. थेट पाइपच्या सॉकेटमध्ये थ्रेडने बसवलेला असेल तर त्या भागातला गॅस काढल्याशिवाय हात लावायचा नाही. मशीनच्या ड्रॉइंगमध्ये हे दिलेलं असतं. ड्रॉइंग नसेल आणि खात्री नसेल तर तिसराच प्रकार आहे असं धरून चाला.

तिसऱ्या प्रकारात एक मोठा धोका आहे. इव्हॅपोरेटरमधून गॅस काढताना प्रेशर उतरतं आणि आर-१३४ए १.९ बारच्या खाली गेला की त्याचं तापमान शून्याखाली जातं. इव्हॅपोरेटरमध्ये पाणी थांबलेलं असेल तर ते गोठतं, ट्यूब फुटतात आणि पाणी थेट गॅस सर्किटमध्ये शिरतं. एका सेन्सरपायी अख्खा चिलर जातो. म्हणून गॅस काढेपर्यंत दोन्ही पाण्याचे पंप चालू ठेवा, किंवा पाणी पूर्ण ड्रेन करा. आर-१२३ च्या चिलरमध्ये उलटं असतं : चालू मशीनमध्ये इव्हॅपोरेटर व्हॅक्यूममध्ये असतो, जोड सैल केला की गॅस बाहेर न येता हवा आत ओढली जाते. तिथे मेकरच्या पद्धतीने मशीन आधी हवेच्या दाबाला आणावं लागतं.

गॅस हवेत सोडू नका. आर-१३४ए चा एक किलो वातावरणाला सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. तापल्यावर लिक्विड फुगायला जागा लागते.

श्रेडर पोर्टवरचा सेन्सर बदलणं

नवा सेन्सर आधी टेबलावर जुन्याशेजारी ठेवून तपासा : रेंज, आउटपुट, गेज की सील्ड की अ‍ॅब्सोल्यूट, थ्रेड, पिनचा क्रम, आणि नटाच्या आत श्रेडर दाबणारी पिन आहे का. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. पिन नसेल तर कोअर उघडतच नाही आणि नवाकोरा सेन्सर शून्य दाखवत राहतो. पिनचा क्रम प्रत्येक मेकरचा वेगळा असतो, प्लग बसला म्हणजे वायरिंग जुळलं असं नाही. उघड्या हवेत नव्या सेन्सरचं आउटपुट मोजून ठेवा.

१. कंट्रोलरमधली सेन्सरची रेंज, ऑफसेट आणि चालू अलार्म यांचे फोटो काढा. चिलर नेहमीच्या पद्धतीने बंद करा, पंप-डाउन (इव्हॅपोरेटरमधला गॅस कंडेन्सरकडे ओढून घेणं) पूर्ण होऊ द्या. मग मेन स्विच बंद, कुलूप, टॅग.

२. सक्शन सेन्सर असेल तर चिल्ड वॉटर पंप चालूच ठेवा. पाणी १२ अंशाला असताना पोर्टवर ३.४ बारपर्यंत असू शकतात. मशीन तापून ३० अंशाला आलं की तेच ६.७ होतात. थंड असतानाच काम उरका.

३. प्लग काढा. पाण्याचे थेंब, हिरवा गंज किंवा वाकलेली पिन दिसली तर फोटो काढून ठेवा, पुढे कारण शोधायला लागेल.

४. गॉगल आणि हातमोजे घाला. एक पाना पोर्टच्या षट्कोनावर, दुसरा सेन्सरच्या नटावर. एकाच पान्याने जोर लावला तर पातळ कॉपर पाइप पिळला जातो आणि ब्रेझिंगला चीर पडते. ती चीर त्या दिवशी दिसत नाही, महिन्याभराने गॅस कमी झाल्यावर कळते.

५. नट पाव फेरा सैल करा. छोटा फुसकारा येणं साहजिक आहे. पिन कोअरवरून सुटली की तो कमी होत थांबायला हवा. एक फेरा झाला तरी जोर तोच राहिला तर कोअर नाही किंवा गळका आहे. नट परत आवळा आणि गॅस काढण्याची तयारी करा.

६. सेन्सर काढल्यावर लगेच पोर्टवर कॅप लावा. पोर्टचा फ्लेअर नख फिरवून तपासा. ओरखडा असेल तर नवी कॉपर बॉनेट (फ्लेअरवर बसणारी पातळ तांब्याची टोपी) वापरा.

७. सीलिंग रिंगला आणि थ्रेडला कॉम्प्रेसर ऑइलचा एक थेंब लावा. फ्लेअर जोडावर टेफलॉन टेप लावू नका. फ्लेअरचं सीलिंग तोंडावर होतं, थ्रेडवर नाही, आणि टेपचा तुकडा सुटून श्रेडरमध्ये अडकतो.

८. आधी हाताने बसवा, मग दोन पान्यांनी आवळा. टॉर्क डेटाशीटमधला घ्या. पाव इंची फ्लेअरला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर लागतात. पाना षट्कोनावरच हवा. सेन्सरच्या गोल अंगाला धरून आवळलं तर आतलं सील सरकतं आणि झिरो पहिल्याच दिवशी चुकतो.

आयसोलेशन व्हॉल्व्ह असेल तर क्रम तोच, फक्त व्हॉल्व्ह बंद केल्यावर नट सैल करताना फुसकारा थांबतो की नाही ते पाहा. गॅस काढून काम केलं असेल तर जोडणीनंतर ड्राय नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग ५०० मायक्रॉनपर्यंत (अर्धा मिलिमीटर पारा) व्हॅक्यूम, पंप बंद करून तो टिकतो का ते पाहणं आणि नवा फिल्टर ड्रायर. पीओई ऑइल (आर-१३४ए बरोबर वापरतात ते सिंथेटिक ऑइल) हवेतली ओल झपाट्याने ओढतं, त्यामुळे सिस्टीम उघडी ठेवून जेवायला जायचं नाही.

सुरू करताना

आधी फक्त कंट्रोल सप्लाय द्या. नव्या सेन्सरची रेंज टाका आणि जुना ऑफसेट शून्य करा. जुन्या सेन्सरचा ऑफसेट तसाच राहून नवा सेन्सर ‘चुकीचा निघाला’ अशा तक्रारी फार येतात. कॉम्प्रेसर बंद असतानाच डिस्प्ले, रेफरन्स गेज आणि पीटी चार्ट तिन्ही जुळतात का पाहा. मग लीक डिटेक्टर, मग साबणाचं पाणी. चिलर सुरू करून तासाभराने पुन्हा एकदा लीक पाहा. थंड-गरम झाल्यावर जोड बसतो आणि तेव्हाच गळती उघडी पडते.

डिस्चार्ज सेन्सर बदलला म्हणून मेकॅनिकल हाय प्रेशर स्विच कधीही बायपास करू नका. सेन्सर चुकला तरी मशीन आणि माणसं वाचवणारी तीच शेवटची गोष्ट आहे.

पाण्याच्या बाजूचा डिफरन्शियल सेन्सर

इव्हॅपोरेटरचा फ्लो डिफरन्शियल प्रेशरवरून (दोन ठिकाणच्या प्रेशरमधल्या फरकावरून) मोजणाऱ्या चिलरमध्ये हा असतो. इथे सेन्सर क्वचित बिघडतो; त्याच्या बारीक नळ्यांत हवा, गाळ किंवा क्षार साचतात. झिरो पाहायचा तर आधी हाय साइड बंद करा, मधली इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडा, मग लो साइड बंद करा. आता शून्य दिसायला हवं. चालू करताना हाच क्रम उलटा. शून्य बरोबर येऊनही फ्लोचा अलार्म येत असेल तर नळ्यांमधली हवा काढा आणि स्ट्रेनर साफ करा. फ्लो डिफरन्शियल प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून ०.५ बारचे ०.२५ झाले तर फ्लो निम्मा झालेला नसतो, ७१ टक्के उरलेला असतो. ट्रिपचा आकडा ठरवताना हे धरा.

तोच सेन्सर पुन्हा पुन्हा जात असेल तर

सक्शन सेन्सरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घाम. थंड पाइपवरचं पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरमध्ये उतरतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे रोजचंच. केबलला कनेक्टरच्या खाली जाईल असा झोल द्या म्हणजे थेंब खालीच गळतील, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, आणि इन्सुलेशन पोर्टच्या मुळापर्यंत आणा. सेन्सर पाइपच्या वरच्या बाजूला असावा. खालच्या बाजूला असेल तर ऑइल आणि लिक्विड साचून वाचन आळशी होतं.

डिस्चार्जवर गरम पाइप आणि कॉम्प्रेसरचे धक्के डायफ्रॅमला मारतात. तिथे पोर्टपासून थोड्या लांबीची पाव इंची नळी काढून सेन्सर फ्रेमवर बसवा, गरज वाटली तर स्नबर (प्रेशरचे धक्के मऊ करणारा जोड) लावा. वाचन नाचत असेल आणि मोटारीला व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर सिग्नलची केबल मोटार केबलपासून वेगळ्या ट्रेमधून न्या, आणि शिल्डचं अर्थिंग केबलच्या एकाच, म्हणजे पॅनलकडच्या टोकाला करा.

प्रत्येक सेन्सरसाठी लॉगबुकात तारीख, सीरियल नंबर, प्रकार, रेंज, टाकलेला ऑफसेट आणि रेफरन्सशी आलेला फरक एवढं लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच बिंदूंवर पुन्हा मोजा. लागोपाठ दोन वर्षं एकाच दिशेने ०.०५ बार सरकलेला सक्शन सेन्सर मर्यादेत असला तरी पुढच्या शटडाउनच्या सामानाच्या यादीत टाका.